काढायची पट्टी

“वढ आता,” अण्णा म्हणाले.

मी चिमट्यात पट्टीचं टोक पकडलं. आदल्या दिवशी एका टाकाऊ फळीत खाच पाडून, तिच्यात फेविकॉल सोडून आम्ही ती पट्टी दाबून बसवली होती. असे कितीतरी तुकडे त्या महिन्यात वाया गेले होते. मी श्वास रोखून ओढलं आणि पट्टी काही कुरबुर न करता सरळ बाहेर आली. मागे राहिली ती एक स्वच्छ, अरुंद खाच. पट्टीच्या अंगाला गोंदाचा टिपूससुद्धा नव्हता.

अण्णांनी फळी दाराच्या उजेडात धरली, खाचेतून नख फिरवलं आणि म्हणाले, “तेलाचा कॅन पावला बघ आपल्याला.”

आम्ही मिरजेचे, तंबोरे करणारे. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातल्या नक्षीचे कारागीर. तंबोऱ्याच्या भोपळ्याला आणि दांडीला जी पांढऱ्या-काळ्या पातळ पट्ट्यांची महिरप असते ती त्यांच्या हातची असली, तर इतर कारखानदार ग्राहकाला ते आवर्जून सांगायचे. गिटार हे माझं खूळ. होस्टेलमधली पोरं मोडक्या गिटारी दुरुस्तीला आणायची, त्या उघडता उघडता मला नवी करून बघावीशी वाटली. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले तरी मी सकाळी डबा घेऊन माहेरच्या पुढच्या खोलीत हजर. ‘सासरी झोपायला जाते आणि नांदायला माहेरी येते,’ असं माझी सासू म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

आता त्या पट्टीचं सांगते. चर्चमध्ये गिटार वाजवणारी रूथ आवळे म्हणून एक बाई होती. तिला ईस्टरपर्यंत गिटार हवी होती, आणि तिच्या तबलीच्या कडेनं, म्हणजे समोरच्या पातळ फळीच्या कडेनं, शिंपल्याची चमकती रेघ हवी होती. तिचा भाऊ बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून शिंपल्याच्या कापलेल्या चिपा आणल्या होत्या, त्या तिनं रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. शिंपला ठिसूळ. काळ्या-पांढऱ्या रेघांबरोबर तो एकदम दाबून बसवायला गेलं तर तडकतो. म्हणून आधी त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची दुसरी पट्टी ठेवायची, तिच्या दोन्ही अंगांना रेघा चिकटवायच्या आणि गोंद वाळला की मधली पट्टी उपटून टाकायची. उरलेल्या खाचेत शिंपला बसवायचा. अडचण एवढीच, की ती मधली पट्टी गोंदात बुडून राहिली पाहिजे आणि तिला गोंद लागता कामा नये.

परदेशात तेवढ्यासाठी टेफ्लॉनच्या पट्ट्या मिळतात. मी मागवायचं बघितलं, पण ते नाकापेक्षा मोती जड होत होतं. मग आम्ही घरातलं एकेक धरलं. बांबूच्या कामटीला मेण लावून बघितलं. ती निघाली, पण मेण लाकडात मुरलं आणि वर पॉलिश धरेना. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे कापून बघितला, तो असा चिकटला की जयवंतरावांचा गुडघा अजून त्या फळीत आहे. खोक्यांना आवळतात ती प्लॅस्टिकची पट्टी निघाली, पण तिच्यावरची खरबरीत नक्षी गोंदात उमटली. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण फार पातळ. शेवटी एकदा अण्णांनी स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा पांढरा कॅन उचलून आणला आणि माझ्यापुढे आपटला.

“ह्येच्यावर कधी लेबल तरी धड चिकटलेलं बघितलंयस का?” ते म्हणाले. “कोपऱ्यातनं सुटतंयच. ज्येला लेबल लागत न्हाई त्येला फेविकॉल काय लागतोय?”

मुद्दाम हे सांगतेय. ती युक्ती त्यांची होती, आणि ती का चालते हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

आम्ही त्या निघालेल्या पट्टीचं कौतुक करत बसलो होतो आणि दारात दादा उभा राहिला. माझा थोरला भाऊ, संपत. पिंपरीला एका कारखान्यात फोरमन होता. न कळवता आला, तेव्हाच मी ओळखलं की शेजारच्या मुनीरभाईंनी त्याला फोन केला असणार.

झालं होतं ते असं. त्याआधीच्या आठवड्यात अण्णांनी चिकटवायचा सरस वितळायला म्हणून शेगडीवर भांडं ठेवलं आणि ते मंडईत निघून गेले. भांडं जळालं, खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला. मुनीरभाईंनी कडी तोडून पाणी मारलं म्हणून निभावलं. त्याच्याही आधी एकदा अण्णा स्टेशनवरच्या बाकावर तास न् तास बसलेले एका हमालाला सापडले होते. कुणाची वाट बघताय म्हटल्यावर त्यांना सांगता आलं नाही. मला मधूनच ते आईच्या नावानं हाक मारायचे. या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं होती. सरस कोण विसरत नाही? स्टेशनवर काय, माणूस वारा खात बसतं. आणि आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तिचं नाव तोंडात येणारच. मला ती उत्तरं पटत होती असं नाही. मला ती हवी होती.

दादानं मला पायरीवर बोलावलं.

“उजा, त्यांच्या हातात दिवसभर पटाशी असते. आज पडदा जळला. उद्या बोट गेलं म्हणजे?”

“चाळीस वर्षं पटाशी धरतायत. तुझ्याच हातात दिली तर बोट जाईल.”

“थट्टा करू नकोस. मी त्यांना घेऊन जायला आलोय. तिकडं डॉक्टर आहेत, तुझी वहिनी घरात असते. लक्ष राहील.”

“आणि करतील काय तिथं दिवसभर?”

“आराम करतील.”

“अण्णा आणि आराम?”

दादालाही ते चित्र डोळ्यांसमोर आणता येत नसणार. अण्णांची बैठक म्हणजे पुढच्या खोलीतल्या दारालगतची सतरंजी. तिथं मांडी घालून ते सकाळी बसले की जेवायलाच उठायचे. आईच्या बाराव्यानंतर दुसऱ्या दिवशी ते त्याच सतरंजीवर जाऊन बसले होते आणि लोकांनी नावं ठेवली होती. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हायसं वाटलं होतं.

“मी काय आत मेलोय व्हय?” आतून आवाज आला. “माझं मला सोडून ठरवाया लागलाय ते.”

आम्ही दोघं आत गेलो. अण्णा रागावलेले नव्हते. त्यांनी मांडीवरची फळी बाजूला ठेवली आणि दादाकडे बघितलं.

“ऐक संपत. ह्या गिटारीची कड आता आम्ही चिकटवणार. तू हितंच बसून बघ. माझ्याकडनं कुठं चुकलं, तर तोंडातनं शब्द न काढता तुझ्यासंगं पुण्याच्या गाडीत बसतो. न्हाई चुकलं तर ह्यो विषय परत काढायचा न्हाई.”

“अण्णा, तुमच्या हाताबद्दल माझं काही म्हणणं नाही.”

“मग कशाबद्दल हाय?”

ते मुलाला बापापुढे कसं बोलता येईल? दादा खाली बघत म्हणाला, “बरं. कबूल.”

मला आनंद झाला. अण्णांच्या हातून कड चुकेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. दादाला मी चहा केला तो जरा जास्तच आलं घालून केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दादाला शेजारी बसवून सगळं समजावून दिलं. गिटारचं अंग मांडीवर घेतलेलं, कडेनं खाच पाडून तयार.

“ह्या काळ्या-पांढऱ्या रेघा, ह्या ऱ्हायच्या,” ते म्हणाले. “ह्येंची पाठ पॉलिशपेपरनं घासायची. का?”

“गोंद धरावा म्हणून,” दादा म्हणाला. लहानपणी आम्हा दोघांनाही शाळेतून आल्यावर पट्ट्यांच्या पाठी घासायला बसवलं जायचं. खेळायला जायच्या आधी एक ढीग संपवायचा.

“बराबर. पाठ घासल्याबिगर पट्टी धरत न्हाई. आन ही मधली, ही कॅनची. ही पाहुणी. उद्या जायाची. हिला पॉलिशपेपर दावायचा पण न्हाई. हिला जरा जरी ओरखडा पडला तर त्येच्यात गोंद शिरतो, आन शिरला की सोडत न्हाई.”

दादा ऐकत राहिला. मधेच त्यानं माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आपण उगाच आलो, असं त्याला वाटत असावं. मला त्याची दयासुद्धा आली. तो काही वाईट भाऊ नव्हता. लांब राहणाऱ्याला फोनवर जेवढं ऐकू येतं तेवढ्यावर घाबरावं लागतं.

जेवणं झाल्यावर आम्ही चिकटवायला घेतलं. गोंद भराभर वाळतो म्हणून गिटारची एक बाजू अण्णांनी करायची आणि दुसरी मी, असं ठरलं. कॅनच्या पट्ट्या मीच स्टीलच्या पट्टीनं मापून कटरनं कापल्या होत्या. त्या आखूड असल्यामुळे टोकाला टोक लावून ठेवायच्या. त्यांचा अर्धा ढीग मी अण्णांपुढे ठेवला, अर्धा माझ्यापुढे. दोघांच्याही शेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. आवळायला लेंग्याची नाडी, ती मी दुकानातून अख्खी गुंडाळी आणली होती आणि दुकानदारानं विचारलं होतं, घरात पैलवान किती आहेत म्हणून.

गिटारच्या कमरेशी जो आतला बाक असतो तिथं पट्टी वळत नाही, ती गरम पाण्यात धरावी लागते. मी पाणी तापवायला आत गेले. दादा कारखान्यातून फोन आला म्हणून गल्लीत गेला होता. शेगडीशी उभी असताना पुढच्या खोलीतून पॉलिशपेपरचा आवाज येत होता. खस खस, थांबून पुन्हा खस खस. मी त्या आवाजात वाढले. अण्णा काळ्या पट्ट्यांच्या पाठी घासतायत, एवढंच माझ्या मनात आलं. पाणी तापेपर्यंत मी तो ऐकत उभी राहिले आणि मला फार बरं वाटलं.

चिकटवण्याचं काम झकास झालं. अण्णांचा हात पाण्यासारखा फिरत होता. रेघ, पट्टी, रेघ, वर कागदी चिकटपट्टीचे तुकडे, त्यावरून नाडीचे वेढे. माझी बाजू निम्मी व्हायच्या आत त्यांची संपली. दादा परत येऊन दारात टेकून बघत होता. अण्णांनी नाडीची शेवटची गाठ मारून त्याच्याकडे मान वर केली. दादाच म्हणाला, “मी परवाच्या गाडीनं जातो, अण्णा. एकटाच.”

“उद्या पट्टी निघू दे,” अण्णा म्हणाले. “मग म्हण.”

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. अण्णा आंघोळीला गेले होते, दादा आत चहा करत होता. मी नाडी सोडवली, कागदी पट्ट्या सोलल्या आणि माझ्या बाजूनं सुरुवात केली. चिमट्यानं टोक धरून ओढलं की तुकडा बाहेर. एकामागून एक सगळे निघाले. खाच बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला, रूथच्या शिंपल्याचे दोन तुकडे मी नुसते ठेवून बघितले.

मग गिटार फिरवून अण्णांच्या बाजूचा पहिला तुकडा धरला. तो हलला नाही. जोर लावल्यावर टोकाचा कपटा मोडून चिमट्यात आला. दुसरा तुकडा, तसाच. तिसरा. सुरीचं टोक खाली घालून उचकटायला गेले तर आतली पांढरी रेघ टवका होऊन वर आली. फेविकॉल कमीजास्त झाला असेल, कॅनची ही बाजू वेगळी असेल, मी मनाशी काय काय म्हणत होते. शेवटी एक बोटभर तुकडा कसाबसा सुटून आला. तो उलटा करून मी बघितला.

त्याच्यावर आडव्या बारीक ओरखड्यांची दाट जाळी होती. ओरखड्यांत वाळलेला गोंद भरलेला. कुणीतरी मन लावून, दोन्ही अंगांनी, कोपरे न सोडता ती पट्टी घासली होती.

शेगडीशी उभी राहून मी ऐकलेला आवाज तो होता.

“निघाली?” दादा चहाचे कप घेऊन आला.

“निघतेय.” मी तुकडा मुठीत घेतला. “हवा दमट आहे जरा.”

“मार्च महिन्यात?”

मी उत्तर द्यायच्या आत अण्णा आले. अंगात बनियन, कपाळाला ओलं गंध. सतरंजीवर बसले, गिटार मांडीवर ओढली आणि त्यांच्या बाजूची ती दशा बघितली. बोट फिरवलं. मोडून पडलेला एक कपटा उचलून त्यांनी अंगठ्यानं चाचपला. डोळ्यांनी बघायची त्यांना गरज नव्हती.

“कुणी घासली ही?”

मी मुठीतला तुकडा आणखी घट्ट धरला.

“उजे, तुला इचारतोय मी.”

दादा कप हातात धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. “माझ्याकडनं झालं, अण्णा,” मी म्हणाले.

“तुझ्याकडनं?” त्यांनी कपटा माझ्यापुढे टाकला. “काढायची पट्टी घासत्यात व्हय गं? काल संपतला समदं सांगितलं मी. ऱ्हायची ती घासायची, जायाची ती गुळगुळीत ठेवायची. लोखंड ठोकणाऱ्याला कळलं ते, आन जलमभर हितं बसलीस तुला न्हाई कळलं? पालथ्या घड्यावर पाणी!”

ते बोलत राहिले. एकेक शब्द बरोबर होता. गोंद ओरखड्यात कसा शिरतो, मग तो का सोडत नाही, पट्टीला हात लावताना बोटंसुद्धा कोरडी का हवीत. त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त आपण काल काय केलं तेवढं नव्हतं. ते नाटक करत नव्हते. माझ्या वडिलांना नाटक येत नाही. मी मान खाली घालून ऐकत होते.

“असू दे, अण्णा,” दादा म्हणाला. “होतं एखाद्या वेळी.” मग माझ्याजवळ वाकून हळूच, “माझंच चुकलं, उजा. अण्णा ठणठणीत आहेत. तूच दमलीयेस. थोडे दिवस सुट्टी घे.”

जे मला हवं होतं ते मिळालं होतं. दादा एकटा परत जाणार, अण्णा त्यांच्या सतरंजीवर राहणार. गप्प बसायचं, एवढंच माझं काम होतं. आणि मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या खोलीत जे झालं होतं ते मला एकटीला माहीत होतं आणि दादा गेला की ते मला एकटीलाच सांभाळावं लागणार होतं.

“पाती तापव,” अण्णा म्हणाले. “रडून काय हुतंय? गरम पातीनं गोंद मऊ पडतो.”

मी रडत नव्हते, पण दिसत तसं असेल. मी शेगडीवर सुरीची पातळ पाती तापवून देत गेले आणि अण्णा ती पट्टीच्या कडेनं सरकवत गेले. दादा मांडी घालून समोर बसला. त्या दिवशीचं अण्णांचं काम मी कुणाला सांगितलं तरी पटणार नाही. लाकडाला न दुखवता, अडकलेला एकेक तुकडा त्यांनी सोडवून घेतला. आतली पांढरी रेघ जिथं टवकली होती तिथं नवी कापून जोडली, सांधा दिसेना. तोंडानं मला बोलणं चालूच होतं. आता त्यात राग राहिला नव्हता. शिकवण्याचा सूर आला होता, लहानपणी दोघांना शेजारी बसवून शिकवायचे तसा. दादा मधूनच हसत होता.

“आता ह्यो भाग परत चिकटवायचा,” अण्णा म्हणाले. “नवी पट्टी आण.”

मी कॅनची नवी पट्टी त्यांच्या हातात दिली. गुळगुळीत, पांढरी.

“बघ. ही पाहुणी,” ते म्हणाले. त्यांनी पट्टी गुडघ्यावर आडवी ठेवली आणि एका हातानं धरली. “आजच्या दिवस हाय. उद्या जायाची. म्हणून हिला...”

दुसरा हात सतरंजीवरून सरकला, पॉलिशपेपरचा तुकडा त्याला सापडला.

“...म्हणून हिला घासायचं न्हाई. काळी असंल, पांढरी असंल, ती घासायची. हिला न्हाई. ध्येनात ऱ्हातंय न्हवं?”

खस खस. पट्टी फिरवून दुसरं अंग. खस खस.

मी दादाकडे बघितलं. त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. काल कुणी घासली, मी काय म्हणाले आणि का म्हणाले, सगळं. त्यानं तोंड उघडलं, पण मी मान हलवली आणि तो थांबला.

आम्ही दोघंही बोलत नाही म्हणून असेल, अण्णांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडे, मग दादाच्या. मग आम्ही जिकडे बघत होतो तिकडे, आपल्या हाताकडे. हात थोडा वेळ चालूच राहिला. मग थांबला.

त्यांनी पट्टी गुडघ्यावरून उचलली आणि तिच्यावर अंगठा फिरवला. एका अंगानं, मग दुसऱ्या. बाहेर मुनीरभाईंच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याला तारा लावत होतं.

“उजे,” ते म्हणाले, “काल बी मीच का?”

खोटं बोलायला मी काही कमी पडले नसते. सकाळपासून तेच तर करत होते. पण त्यांनी ते ज्या आवाजात विचारलं, त्याला खोटं सांगणं मला जमलं नाही.

“हो, अण्णा.”

त्यांनी मान डोलावली. कुणी दुकानात येऊन भाव विचारावा आणि तो ऐकून मान डोलवावी, तशी. पॉलिशपेपर त्यांनी बाजूला ठेवला, मांडीवरची गिटार उचलून माझ्याकडे दिली आणि घासलेली पट्टी माझ्या हातावर ठेवली.

“ही गेली. तू दुसरी कापून घे. आन तूच लाव.”

“अण्णा, तुम्ही सांगा, मी लावते. तुम्ही इथंच बसून...”

“तूच लाव.”

मग ते दादाकडे वळले. “संपत, पुण्याची गाडी कितीला हाय?”

दादा, फोरमन माणूस, कारखान्यात शंभर जणांवर ओरडणारा, लहान पोरासारखा सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता. दोन दिवसांपूर्वी पायरीवर ज्यानं माझ्याशी वाद घातला तोच आता म्हणत होता, “घाई नाही, अण्णा. ही गिटार होऊ दे. तुम्ही म्हणाल तेव्हा येतो मी न्यायला. पुढच्या महिन्यात येतो. दिवाळीला येतो.”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. ते हात टेकून सतरंजीवरून उठले, मी पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. “आत्ता मला कळतंय. कळतंय तवर माझ्या पायांनी येतो. मागनं तुला मला वढून न्यावं लागंल, आन मी तुला शिव्या दीन.”